अंगणात मांडलेला नाला

काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर आमची प्लाटून होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज राहणं, मग चहा, हत्यारांची सफाई आणि पेट्रोलची, म्हणजे गस्तीची, तयारी. या तयारीत माझं खास काम म्हणजे सँड मॉडेल. ज्या भागात जायचं तो भाग जमिनीवर मातीने उभा करायचा. निळ्या लोकरीचा नाला, चुन्याची वाट, प्रत्येक जवानासाठी एक खडा. कोण कोणाला कव्हर देणार ते लाल दोऱ्याने जोडायचं. तोंडी हुकमाला सगळेच माना डोलावतात. जमिनीवर मांडलं की मात्र कोणीतरी विचारतो, "उस्ताद, इथून तर वरचं काही दिसतच नाही." अशा एका प्रश्नावर आम्ही कितीदा तरी वाट बदलली.

हे प्रश्न बहुतेक लान्स नायक दत्ताचे असत. तो सेलू तालुक्यातल्या वालूरचा, मी पालमचा. एका जिल्ह्याचे म्हणून आमचं जमायचं. तो म्हणायचा, "उस्ताद, नुस्तं ऐकून डोक्यात लय गर्दी होती बगा. असं मांडलं की कशाला काय लागून हाय ते दिसायलंय." पोरगं बोलायचं फार, पण कामाचं बोलायचं.

त्या सकाळी पेट्रोल नाल्याच्या काठाने चाललं होतं. दत्ता पुढे स्काउट, त्याच्या मागे मी. वरच्या झाडीतून फायर आला आणि दत्ता गोळी लागून उघड्यावर पडला. मी एका मोठ्या दगडाआड गेलो. बाकीचे मागच्या वळणावर पोझिशन घेऊन फायर देऊ लागले.

मी वायरलेसवर पोस्टला कळवलं, "टायगर फॉर चार्ली. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

पोस्टवरून हुकूम आला, "चार्ली, जगह मत छोडो. फायर देते रहो. कुमक आ रही है. ओव्हर."

हुकूम चुकीचा नव्हता. बाहेर पडणारा दुसराही पडला असता. पण तो हुकूम ऐकून माझा जीव भांड्यात पडला, हेही खरं. दत्ता हाक मारत होता, "उस्ताद." मी ओ दिली नाही. आवाजावरून माझी जागा कळेल, अशी भीती वाटली. थोड्या वेळाने हाक थांबली. कुमक पोचली तेव्हा तो गेला होता.

सुट्टी मिळाल्यावर वालूरला गेलो. दत्ताच्या वडिलांनी ओसरीवर घोंगडी टाकली. मी आधी तोंडीच सांगितलं. "मी बराच मागं होतो," असंही बोलून गेलो.

म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमी सांगायलाव खरं, पण मला कायबी दिसंना. दत्ता आला की सगळं भुईवर मांडून दाखवायचा."

दत्ताची आई उठली. तिने पाटीभर माती आणि चुलीतली राख अंगणात आणून ठेवली. "मांडा दादा," ती म्हणाली.

मी मांडायला बसलो. राखेचा नाला काढला, मातीचा डोंगर केला, वळणावर जवानांचे खडे ठेवले, पुढे दत्ताचा. मधे आडोसा एकच होता, तो दगड. दगडही ठेवला. हाताला इतक्या वर्षांची सवय, चुकीच्या जागी काही ठेवायला तो तयार होईना. म्हणून माझा खडा न ठेवताच मी थांबलो.

"आन तुमचा खडा?" तिने विचारलं.

तो माझ्या मुठीतच होता. मी तो दगडाआड ठेवला. दत्ताच्या खड्यापासून जेमतेम वीतभर. बराच मागे होतो म्हणणारा माणूस इथे होता, हे त्या दोघांना दिसलं. आता विचारतील, मग गेला का नाहीत? मी मनात उत्तर जुळवत होतो, हुकूम नव्हता.

ती वाकून बघत राहिली. दोन खड्यांच्या मधे तिने हात ठेवला. मग डोळ्याला पदर लावला.

"म्हंजी तुमी हितंच होता. आन मी रोज म्हनायले, लेकरू तिकडं एकलंच गेलं."

म्हाताऱ्याने विचारलं, "हाक मारली आसंल त्यानं?"

"मारली," मी म्हणालो.

"मंग तुमी ओ दिली आसंल."

मी होकाराची मान हलवली. जागा खरी मांडली होती, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. उरलेलं खोटं मी मानेने बोललो, आणि त्याची लाज मला दगडाआड बसल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

आता निवृत्त होऊन परभणीत सैन्यभरतीच्या पोरांना शिकवतो. अभ्यास डोक्यात मावत नाही म्हणणाऱ्यांना सांगतो, फळ्यावर मांडा, रेघांनी जोडा, आपण स्वतः त्यात कुठे आहोत तेही दाखवा. पोरांना ते पटतं. ती मला मानतात, आणि मला वर बघवत नाही.

दरवर्षी दत्ताच्या श्राद्धाला वालूरला जातो. फोटोला हार घालतो. त्याची आई मला पंगतीत पहिल्या पाटावर बसवते आणि वाढता वाढता शेजारणींना सांगते, "माज्या दत्ताला शेवटाला ओ देणारं हेच मानूस." मी खाली बघून जेवतो.