सासूच्या उठाबशा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही रहाटणीत राहत होतो. पत्नी चिंचवडच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती, पण कायम नव्हती. तिच्याकडे येणारे बहुतेक कारखान्यांतले कामगार: प्रेसमध्ये सापडलेली बोटं, धरलेल्या कमरा. त्या वर्षी एका परदेशी संस्थेने फिजिओथेरपिस्टांसाठी म्हाताऱ्या माणसांवरच्या उपचारांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो अनेक देशांत चालू होता आणि सगळीकडे पुस्तिका एकच होती. पास होणाऱ्याला रुग्णालय कायम करणार होतं. त्यासाठी साठीपुढच्या एका माणसाकडून सहा आठवडे व्यायाम करून घ्यायचा आणि मग त्याला परीक्षकासमोर न्यायचं.

पत्नीने माझ्या आईला निवडलं. आईचे गुडघे दुखत होते, शिवाय ती घरातच होती.

मुख्य व्यायाम खुर्चीचा होता. हातांचा आधार न घेता उठायचं, पुन्हा बसायचं. घरी दहा वेळा, परीक्षेत पाच वेळा. आमच्याकडे लोखंडी घडीची एकच खुर्ची होती, पाहुण्यांसाठी. आई तिच्यावर कधी बसलेली नव्हती. दार लावून घ्यायचं असेल तर बसेन, म्हणाली.

दारातून पत्नीचा आवाज बाहेर जात होता; सासूला ती आत्या म्हणायची. "उठा आत्या. एक. बसा. उठा. दोन." शाळेत शिक्षा भोगलेल्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. शेजारच्या काकूंना तो चौथ्या दिवशी लागला. आठवड्याच्या आत बातमी चाकणला पोचली आणि रविवारी सकाळच्या एसटीने मामा आले. मामा आईचे धाकटे भाऊ. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"आक्का, तुझा गुन्हा काय?"

"कसला गुन्हा?"

"सून उठाबशा काढाय लावती म्हणं. कान बी धराय लावती का?"

"न्हाई. हात छातीशी धरायचे असत्यात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू पेपरात लोकांवरच्या अन्यायाच्या बातम्या देतो."

पत्नीने पुस्तिका आणून दाखवली. चित्रात एक गोरा म्हातारा खुर्चीतून उठत होता. मामांनी ते बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कुणाचा सासरा?"

"कुणाचा नाही मामा. रुग्ण आहे."

मामांनी गार झालेला चहा घेतला. पण सुनेने मोजायचं नाही, असं ठरवूनच ते परत गेले. आता आई मनात मोजणार होती. त्यामुळे पुढे रोज किती झाल्या, हे फक्त तिला ठाऊक असे.

परीक्षा रुग्णालयाच्या मोठ्या खोलीत झाली. मी दारात उभा होतो. शिकणाऱ्या बाकी जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या, मध्ये एकच खुर्ची. परीक्षक बाई परदेशातून आलेल्या, उंच, हातात घड्याळ.

"आत्या, बसा," पत्नी म्हणाली.

आई बसली. मग तिच्या लक्षात आलं की पाहुणी उभी आहे. ती उठली आणि तिने खुर्चीकडे हात केला. बाईंनी मान डोलावून एक मोजला. पत्नीने आईला पुन्हा बसवलं. गुडघे नीट दिसावेत म्हणून बाई एक पाऊल पुढे आल्या. त्या बसायला येत आहेत असं समजून आई पुन्हा उठली. पाच झाल्यावर बाईंनी घड्याळ थांबवलं. आई थांबली नाही. आठव्या खेपेला तिने बाईंना कोपराला धरून खुर्चीत बसवलं.

"एवढ्या लांबून आली आणि मघापासून उभीच हाय. कुणी बस म्हणंना."

आणि ती स्वतः समोर जमिनीवर बसली.

पत्नीचा चेहरा उतरला. गुडघे दुखणाऱ्यांनी जमिनीवर बसू नये, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं. आईला उठवायला आता दोघी लागतील असं समजून बाई कुणी पुढे येण्याची वाट पाहत राहिल्या. आईने एक हात जमिनीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, उठली आणि पदर सारखा केला.

"हे तुम्ही शिकवलंत?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," पत्नी म्हणाली. "मी बसू नका म्हणत होते. त्या ऐकत नाहीत."

बाईंनी बरंच काही लिहिलं. मग त्यांनी सगळ्यांना जमिनीवर बसून तसंच उठायला सांगितलं आणि स्वतःही बसल्या. बाकीच्या उठल्या, दोघी भिंत धरून. बाई उठल्या नाहीत.

"हात टेक," आई त्यांना म्हणाली. "दुसरा गुडघ्यावर. घाई करू नगं."

पत्नीने भाषांतर केलं. दुसऱ्या प्रयत्नात बाई उभ्या राहिल्या.

आठवड्याने निकाल आला. पत्नी पास होती. खाली बाईंचा शेरा होता: रुग्ण सूचना पाळत नाही. पत्नीने तो आईला वाचून दाखवला.

"हे तिला कुणी सांगितलं?"

"मीच, आत्या."

"नोकरी कायम झाली न्हवं?"

"झाली."

"मग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.