खारोड्याची उंटवाट

चामराजपेटेतल्या विठोजी मोहित्यांना दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता: पातळ सांबार आणि न पाहता बोलणारी माणसं. दुसऱ्या गोष्टीचा जास्त.

सरकारी नकाशा-कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं शाईनं नकाशे काढले. त्यातली सुरुवातीची सहा वर्षं एकाच गावापायी गेली. राजस्थानच्या पार टोकाचं खारोडा. उत्तरेला खारं तळं, पश्चिमेला दर उन्हाळ्यात जागा बदलणाऱ्या वाळूच्या टेकड्या, मधे तीनशे घरं आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे या विहिरीसाठी तिथं मुक्काम करत. फाळणी झाली, सरहद्द आली, तांडे बंद झाले. सावकार मुंबईला गेले. विहीर तेवढी राहिली. मराठी मंडळात दर गणपतीला विठोजी हे सगळं रंगवून सांगत आणि शेवटी पँट वर करून पोटरीवरचा उंट चावल्याचा व्रण दाखवत. लोक त्यांना ‘वाळवंटअण्णा’ म्हणत.

त्या रविवारी मारतहळ्ळीहून श्रीरंग आला. मूळचा पुण्याचा, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करणारा. मंडळात विठोजींना ऐकून भारावलेला.

“काका, तुमचं खारोडा. नेक्स्ट वीक लाइव्ह जाणार. एकदा चेक करता?”

विठोजींनी चष्मा पुसून लॅपटॉपकडे पाहिलं. “ही रेघ कसली?”

“रस्ता. एकदम स्ट्रेट आहे. एंडला सर्कल आहे बहुतेक.”

“सर्कल! त्या गावात चार जीपा नाहीत, सर्कल कुणाच्या बारशाला बांधतील? विहीर आहे ती, शहाण्या. आणि ही उंटवाट. उंट दोर ओढत विहिरीपासून लांब चालत जातो, मोट वर आली की थांबतो. वाट जेवढी लांब, विहीर तेवढी खोल. मोज.”

श्रीरंगनं मोजलं. “नव्वद मीटर.”

“आणि तू त्यावरून मोटारी सोडणार. तुझा फोन म्हणेल, सरळ जा. जाईल बिचारा सरळ. खाली.”

श्रीरंगचा चेहरा उतरला. आतून कॉफी घेऊन येणारी विठोजींची बायको नयना म्हणाली, “अहो, पोराला स्वल्प श्वास तरी घेऊ द्या.”

“हे शिकलेले! खुर्चीत बसून जग आखतात.”

“लगेच काढतो, काका. फक्त प्रत्यक्ष कुणी पाहिलंय, त्याचं नाव लागतं. त्याशिवाय बदल घेत नाहीत. तुमचंच टाकतो ना?”

विठोजींनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मंडळातल्या गप्पा वेगळ्या. नकाशात त्यांनी उभ्या जन्मात एक खोटी रेघ ओढली नव्हती. ओढणाऱ्याला ते पालीपेक्षा हलका समजत. पण खरं बोलायचं ते या पोरासमोर. आणि नयनासमोर.

“माझं नको,” ते म्हणाले. “आप्पाजी घाटग्यांचं टाक. मोजणीला ते गेले होते. मी त्यांच्या वहीवरून काढलं.”

“म्हणजे तुम्ही नंतर गेलात?”

“मी हुबळीच्या वर कधी गेलेलो नाही.”

श्रीरंग हसला. “म्हणजे काका, तुम्हीपण माझ्यासारखेच. खुर्चीतले.”

“तुझ्यासारखा नाही!” विठोजी उसळले. “मी वही वाचली होती.” त्यांनी कपाटातून आप्पाजींनी निवृत्त होताना दिलेली वही काढून त्याच्यापुढे आपटली. “पान एकवीस. लिही.”

श्रीरंगनं मुकाट्यानं लिहिलं. पडद्यावरचा रस्ता गेला, तिथं विहीर आली.

“आणि तो उंट?” नयनानं विचारलं.

“सायकल,” विठोजी पुटपुटले. “इथल्याच मिनर्व्हा सर्कलला पडलो होतो.”

“मला बघायला आलात तेव्हासुद्धा तो व्रण दाखवला होतात! बेचाळीस वर्षं त्या मुक्या जनावराला शिव्या घालतेय मी.”

तिनं विठोजींपुढचा कॉफीचा लोटा उचलला आणि श्रीरंगपुढे ठेवला.