घोडेस्वाराची बाजू

ती केस आजही डोळ्यांसमोर येते. मी ती सोडवली म्हणून नव्हे, तिचा पुरावा मी स्वतःच्या हातांनी रिठ्याने धुतला म्हणून.

सत्तरच्या दशकाची अखेर. मी नाशकात नवा फौजदार; जेवढा पीळ मिशीला, तेवढाच डोक्यात. मखमलाबादकडच्या एका फुलं विकणाऱ्या आजीची फिर्याद होती : देव्हाऱ्यातल्या पाच सोन्याच्या गिन्या चोरीला गेल्या. एका बाजूला गोरा राजा, दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेला घोडेस्वार.

आठवड्याने खबऱ्या सांगत आला, देवळाली कॅम्पच्या बाजारात जुन्या नाण्यांचा एक शौकीन तशाच पाच गिन्या विकायला काढतोय. मी गिन्या जप्त केल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांची तपासणी होती. गिन्यांवर पिवळा मळ बसलेला. मुद्देमाल चकचकीत दिसावा म्हणून घासायला बसलो.

हवालदार दारात येऊन थांबले. “साहेब, ती हळद होती.”

“मग?”

“आजीबाईंनी फिर्यादीत तीच खूण सांगितलीय.”

फिर्याद मी वाचली नव्हती. खाली सही मात्र झोकात केली होती.

चौकशीत शौकीन शांतपणे म्हणाला, “आजोबांच्या आहेत, साहेब. पेटीतून कधी बाहेर काढल्या नाहीत. राजा बघा, कसा कोरा करकरीत.” खरंच, राजाचं नाकसुद्धा शाबूत होतं. आजीकडे ना पावती, ना साक्षीदार. दुसरी खूण पटली नाही, तर तिचे देव त्याच्या खिशात जाणार होते.

आजीला बोलावून खरं ते सांगितलं.

“माझ्या देवाला आंघोळ मी घालते. तुला कुणी सांगितलं व्हतं रे?” तिने गिनी उलटी केली. “राजाचं मला काय करायचं? माझा खंडोबा ह्यो हाय. आधी सासू, मग मी, रोज अंगठ्यानं भंडारा लावत आलो.”

मी भिंग घेतलं. पाचही गिन्यांवर घोडेस्वाराला चेहरा नव्हता, घोड्याला कान नव्हते.

शौकिनापुढे पाचही उलट्या मांडल्या. “पेटीतल्या गिन्या एकाच बाजूने कशा झिजल्या?”

त्याने पाणी मागितलं. पेला संपायच्या आत सगळं सांगितलं : आजी बाजारात गेल्यावर मागच्या दाराने शिरला होता.

त्यानंतर मुद्देमाल मी कधी पुसला नाही, आणि फिर्याद वाचल्याशिवाय सही केली नाही. माणसाची खरी खूण बहुधा त्याच्या रोजच्या सवयीत सापडते, हेही तेव्हाच कळलं.

कोर्टाच्या हुकुमाने गिन्या परत दिल्या, तेव्हा आजीने कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि पहिला अंगठा माझ्या कपाळावर टेकवला.

“ह्यो तरी धुऊ नको,” म्हणाली.