'ही आमची रेवती नाही'

गेल्या रविवारी दुपारी पिंपळे सौदागरच्या एका कॅफेत, वरच्या मजल्यावर, मी चाळीसेक अनोळखी लोकांसमोर बसले होते.

माझी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, परचेस डिपार्टमेंटला. सुट्टीच्या दिवशी मी आवाजाची कामं करते. 'परतीची कक्षा' नावाचं एक मराठी सायन्स फिक्शन ऑडिओ नाटक आहे... पृथ्वीकडे परत निघालेलं, वाट चुकलेलं यान आणि त्यात अडकलेली माणसं. त्यातली डॉक्टर रेवती सगळ्यांची लाडकी. पहिल्या सीझनमध्ये तिचा आवाज होता अनघाताईंचा. दुसऱ्या सीझनमध्ये माझा.

असं का झालं, ते ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. अनघाताईंचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांचा आवाज परत आलाच नाही. त्यांनी आम्हाला मेसेजवर एवढंच लिहिलं, "कुणाला सांगू नका. लोकांच्या कानात माझा जुना आवाज आहे, तो तसाच राहू दे." आम्ही शब्द दिला.

शुक्रवारी सकाळी नवा सीझन आला. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी कमेंट्स उघडल्या आणि मोशीचा स्टॉप यायच्या आत फोन बंद करून बॅगेत टाकला.

"ही आमची रेवती नाही." "जुन्या ताईंना का काढलं?" "स्वस्तात मिळाली असेल." आणि एक, जी दिवसभर डोक्यातून गेली नाही... "कुणाच्या तरी ओळखीने घुसलेली दिसते."

त्यातच रविवारी चाहत्यांना भेटायचं आधीच जाहीर झालेलं. शनिवारी रात्री मी जेवले नाही, तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. आमचं घर थेरगावचं, जुनं. त्या बोलतात सरळ. "सांगून टाक की खरं. आपुन कुणाची चोरी केली व्हय?"

"शब्द दिलाय, आई."

"मग जाऊ नगं उद्या."

पण गेले नसते, तर ती कमेंट खरी ठरली असती. म्हणून गेले.

पहिला अर्धा तास बरा गेला. यान कुठे पोहोचणार, कॅप्टन खोटं बोलतोय का, असे प्रश्न. आमचा दिग्दर्शक समीर उत्तरं देत होता, माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मग ओंकार नावाचा एक मुलगा उभा राहिला, पंचविशीचा, गळ्यात अजून कंपनीचं आयकार्ड... शिफ्ट संपवून थेट आला असावा.

"ताई, पर्सनली घेऊ नका," तो म्हणाला. "एकच विचारतो. अनघाताईंना काढलं, का त्यांनी सोडलं?"

समीर टेबलाकडे बघायला लागला.

"मला ते सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे काढलंच," मागून कुणीतरी बोललं. कुजबुज वाढली. दोघं-तिघं खुर्च्या सरकवून उठायला लागले. मला वाटलं, आता रडू फुटणार आणि त्याचाही वेगळाच अर्थ निघणार...

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली एक बाई पुढे आली. मी ओळखलं आणि उभीच राहिले. बाकी कुणी ओळखलं नाही. कसं ओळखणार? ऐकणाऱ्यांनी त्यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

बाईंनी समीरकडून माईक घेतला. "मला... कुणी... काढलं नाही."

नुसती हवा. शब्द जेमतेम कळत होते. कॅफेतला एकजण माईकची वायर तपासायला धावला.

"माईक ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माझा आवाजच एवढा उरलाय. मी अनघा."

उठलेली माणसं तिथेच थांबली. ओंकार उभा होता, तो हळूच खाली बसला.

"हिचं नाव मीच सुचवलं होतं," अनघाताई म्हणाल्या. मध्ये दम घ्यावा लागत होता त्यांना. "माझं सांगू नका, असं मीच म्हटलं होतं. ही माझ्यासाठी सगळं ऐकून घेत बसली... मग मला घरी बसवेना."

माझं नाव त्यांनी सुचवलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. समीरने कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला.

निघताना जिन्यापाशी ओंकारने आम्हाला गाठलं. "ताई, ती ओळखीने घुसल्याची कमेंट माझी होती. डिलीट केली. चुकलं माझं."

मी "असू दे" म्हणणार, तोच तो पुढे म्हणाला, "पण खरं सांगू का? तुमची रेवती अजून पटली नाही. तुम्ही फार घाईत बोलता. आधीची रेवती समोरच्याला वेळ द्यायची."

मी अनघाताईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर बोलतोय तो," त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

हे सगळं त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही, आता काय लपवायचं," म्हणाल्या. पुढच्या रेकॉर्डिंगला त्या शेजारी बसणार आहेत, मी घाई केली की टेबलावर टिचकी मारायला. लोकांनी त्यांच्यावर इतकं प्रेम केलं म्हणून ते माझ्यावर चिडले, एवढं आता समजतं. तसं प्रेम मला मिळेल की नाही, माहीत नाही... पण मागायचं असेल, तर ते काम करूनच मागावं लागेल. अनघाताई, त्या दिवशी आलात. खूप मोठी गोष्ट केलीत.