दोन जाहिरातींच्या मधली रेस

जर्मनीत भाड्याच्या घरासोबत तळघरात एक खोली मिळते. केलर. पहिल्या वर्षी तिथे फक्त भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा असतात. पुढे कधीतरी दार उघडावं, तर आत पाय ठेवायला जागा नाही! हे सगळं कधी आलं, कुणी आणलं, काही आठवत नाही. आमच्या टीमच्या किश्श्यांचं अगदी तसंच झालंय.

टीम म्हणजे ड्युसेलडॉर्फमधली एक छोटी प्रॉडक्शन कंपनी. एका स्पोर्ट्स चॅनेलसाठी आम्ही ड्रॅग रेसिंग दाखवायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक सरळ धावपट्टी, दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. ऐन वेळी शिंक आली तर रेस हुकलीच म्हणून समजा! मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली. स्क्रीनवर गाड्यांच्या वेळा झळकतात ना, त्या ग्राफिक्सच्या कामामुळे या भानगडीत पडले. साउंडला शिरीषदादा. मूळ नागपूरचे, इथे येऊन उभा जन्म गेलेला, बायको गाबी इथलीच. आणि कॉमेंट्रीला वेर्नर. एकेकाळी स्वतः गाडी पळवलेला, आता कंबरेवर हात ठेवून जिने चढणारा.

तो कार्यक्रम चॅनेलने बंद केला. आता आम्ही अधूनमधून शिरीषदादांकडे जमतो. गाबी थालीपीठ करते, वर लोण्याऐवजी क्वार्कचा, म्हणजे इथल्या चक्क्याचा, गोळा ठेवते, आणि कुणीतरी म्हणतंच, "ए, तो जिन्याचा सांग ना!"

* * *

जिन्याचा म्हणजे माझ्या पहिल्याच लाइव्ह फायनलचा.

आमच्या व्हॅनमध्ये दोन मॉनिटर. एकावर आमचे कॅमेरे, दुसऱ्यावर लोकांना घरी दिसणारं चित्र. फायनलच्या गाड्यांनी टायर तापवले, धूर झाला, सगळं स्टँड उभं राहिलं, पिवळे दिवे लागले… आणि दुसऱ्या मॉनिटरवर जाहिरात सुरू झाली!

या मॉनिटरवर दोन गाड्या तोफेच्या गोळ्यासारख्या सुटल्या. त्या मॉनिटरवर एक आजी जिन्याला लावलेल्या विजेच्या खुर्चीत बसून हसत हसत वर निघाल्या होत्या. आमची रेस संपली, गाड्यांची पॅराशूटं उघडली, तरी आजी अजून अर्ध्या जिन्यात!

जाहिरात संपली आणि वेर्नर पुन्हा ऑन एअर गेला. घरोघरी लोक निकालाची वाट बघतायत. वेर्नर अगदी शांतपणे म्हणाला, "आल्झो, तर मंडळी, अभिनंदन. आजी पोचल्या!"

आम्ही पोट धरधरून हसलो. बाहेर आलो तर जिंकलेल्या मुलाची आई कुंपणाशी उभी होती. डोळे भरलेले. तिने शिरीषदादांना विचारलं, "टीव्हीवर कसा दिसला हो माझा मुलगा?"

दादा म्हणाले, "छान दिसला."



* * *

आमच्या प्रसिद्धीचं काम चॅनेलमधल्या हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांटकडे होतं. माणूस सज्जन. गाड्यांमधलं काही कळत नव्हतं आणि ते तो लपवतही नसे. सीझन सुरू व्हायच्या आधी त्याने आम्हाला नवीन प्रोमो बघायला बोलावलं. म्युझिक भारी, अक्षरं भारी. एक गाडी डोंगरातल्या वळणावरून झोकात वळते, तिच्या मागोमाग दुसरी, आणि खाली आमच्या कार्यक्रमाचं नाव!

"कसं वाटलं?" ब्रांटने विचारलं.

"वळण छान आहे," वेर्नर म्हणाला. "फक्त आमच्याकडे गाडी वळली, तर अॅम्ब्युलन्स लागते!"

ब्रांट मनापासून हसला. प्रोमो मात्र तोच गेला, कारण बदलायला वेळ नव्हता. मग अख्खा सीझन प्रेक्षकांच्या मेल येत राहिल्या: "वळणाचा भाग कधी दाखवणार?"

* * *

शिरीषदादा आवाजासाठी वेडे. ते म्हणायचे, "मंजिरी, अगं ही रेस बघायची नसतेच. छातीत ऐकायची असते." स्टार्ट लाइनशी कुठला माइक ठेवायचा, तो किती तिरका करायचा, यासाठी ते उन्हात तासन्‌तास जमिनीवर पालथे पडलेले असायचे. आमच्या व्हॅनमधून निघणारा आवाज ऐकून खरंच अंगावर काटा यायचा.

पण तो आवाज चॅनेलमध्ये पोचला की तिथली कुणीतरी मंडळी तो दाबायची. प्रेक्षक दचकतात म्हणे! चाळणीतून गाळून जे उरायचं, ते लोकांच्या घरी जायचं.

एकदा दादांनी नागपूरला आईंना लिंक पाठवली. "आई, आज माझा आवाज ऐक." आईंनी चष्मा लावून सगळा कार्यक्रम बघितला आणि लगेच फोन केला. "शिरीष, गाड्या छान होत्या रे. पण तुमच्या मागे कुणी मिक्सर लावला होता का? काही म्हणजे काही ऐकू आलं नाही!"

हा किस्सा दादा स्वतःच सांगतात. आईंचा आवाज हुबेहूब काढतात. आपण व्हॅनमध्ये काय ऐकायचो ते आईंना एकदा ऐकवायचं होतं, हे गाबीने मला स्वयंपाकघरात सांगितलं. त्या वारल्या आणि ते राहूनच गेलं.

* * *

जर्मन लोकांना 'शिरीष' म्हणता येत नाही, म्हणून दादा सगळ्यांचे 'शिरी'. आता जर्मनमध्ये फुटबॉलच्या रेफरीला लाडाने शिरी म्हणतात!

एका रेसला वेर्नरचा माइक चुकून मैदानातल्या भोंग्यांना जोडला गेला आणि सगळीकडे घुमलं, "शिरी, ऐकतोयस ना? नीट सांग!" नुकताच हरलेला एक आडदांड ड्रायव्हर तडक आमच्या व्हॅनपाशी आला. दादांच्या समोर उभा राहून हातवारे करत, निकाल कसा चुकीचा आहे ते सांगत सुटला. दादांनी हेडफोन काढून सगळं ऐकून घेतलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "अहो, मला इथून काहीच दिसत नाही!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो ओरडला. "कुठल्याच शिरीला दिसत नाही!"

* * *

एका टीव्ही मासिकाने आमचा कार्यक्रम 'ड्रॅग' या शब्दावरून भलत्याच रकान्यात छापला. बायकी पोशाख, विग, मेकअप करून गाणी म्हणणाऱ्या कलाकारांचे शो असतात ना, त्या रकान्यात. परिणाम असा, की त्या रविवारी कोलोनहून गिझेला आली. गिझेला हे तिचं स्टेजवरचं नाव. उंच टाचा, चमचमता झगा, डोक्यावर मोठा थोरला विग. धावपट्टीच्या कडेला तेलाच्या वासात उभी राहून ती म्हणाली, "माझी काहीतरी चूक होतेय, नाही का?"

"चूक आमची आहे," वेर्नर म्हणाला. "पण आलीच आहेस तर बस!" आणि तिला थेट कॉमेंट्रीच्या टेबलाशी घेऊन आला.

गिझेला जे प्रश्न विचारत होती ते आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते. ड्रायव्हर सुटण्याआधी काय पुटपुटतात? हरल्यावर घरी जाताना रेडिओ लावतात का? बोलता बोलता वेर्नरने आपल्या अपघाताची गोष्ट सांगितली. ज्याने त्याची कंबर गेली, तो अपघात. आमच्यापैकी कुणी ती ऐकलेली नव्हती. मी ग्राफिक्स टाकायची थांबून ऐकत बसले.

शेवटी गिझेला विग सावरत म्हणाली, "म्हणजे तुमचं आणि माझं सारखंच की! तयारीला अख्खा दिवस, आणि मग क्षणभर उजेड!"

इतका चांगला कार्यक्रम आम्ही ना त्याआधी केला, ना त्यानंतर. पण तो लाइव्ह नव्हता, रात्री दाखवायचा होता, आणि वरून निरोप आला: "रेस ठेवा, गप्पा कापा." कापल्या. ते रेकॉर्डिंग नंतर मी खूप शोधलं. सर्व्हरवरून केव्हाच पुसलं गेलं होतं.

* * *

आता शेवटच्या सीझनचा. हा सांगायला कुणी कुणाला आग्रह करत नाही. वेर्नर उठून बाल्कनीत गेला, की आमच्यापैकी कुणीतरी सांगतं.

आंके नावाची एक ड्रायव्हर होती. बॉनजवळच्या गावात तिची बेकरी. सकाळी ब्रेड भाजायची, दुपारी वडिलांबरोबर गॅरेजमध्ये. गाडी बापलेकीने मिळून बांधलेली. वडील म्हणजे हेल्मुट. ते आणि वेर्नर जुने प्रतिस्पर्धी, एकमेकांना हरवता हरवता म्हातारे झालेले. त्या वर्षी आंके पहिल्यांदाच फायनलला पोचली, आणि हेल्मुट बॉनला हॉस्पिटलमध्ये. फायनलच्या दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन. लेकीची फायनल वॉर्डातल्या टीव्हीवर लाइव्ह बघायची आणि मगच ऑपरेशनला जायचं, असं त्यांनी सगळ्या नर्सना बजावून ठेवलं होतं.

शनिवारी सेमीफायनलला आंके झकास पळाली. रविवारी दुपारी मात्र पाऊस कोसळायला लागला. ओल्या धावपट्टीवर या गाड्या सोडतच नाहीत, चाकं घसरतात. थोडी वाट बघून आयोजकांनी फायनल रद्द केली. चॅनेलने आमच्या जागी डार्ट्सची एक जुनी मॅच लावली. फायनल पावसामुळे रद्द झाली, एवढी एक ओळसुद्धा स्क्रीनवर फिरवली नाही.

आम्ही व्हॅनमध्ये केबल गुंडाळत होतो. आंके मांडीवर हेल्मेट घेऊन तिथेच आडोशाला येऊन बसली होती. तेवढ्यात वेर्नरचा फोन वाजला. त्याने स्पीकर चालू केला.

"वेर्नर, इथे डार्ट्स चाललंय," हेल्मुटचा आवाज खोल गेला होता. "कापलं ना आम्हाला पुन्हा? झाली का फायनल?"

वेर्नरने बाहेर बघितलं. धावपट्टीवरून पाण्याचे लोट वाहत होते. मग त्याने आंकेकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

"नाही झाली," वेर्नर म्हणाला. "आत्ता सुरू होतेय. फोन कानाला धर, मी ऐकवतो."

 शिरीषदादांनी शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं, आवाजाची बटणं पार वर नेली. मी दार ओढून घेतलं, खिडकीच्या फटीत सगळ्यांची जॅकेटं कोंबली. वेर्नर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याने डोळे मिटले.

"डाव्या लेनमध्ये आंके! टायर तापवतेय… धूर बघा, काय सुंदर धूर! आली, रेषेवर आली. बापासारखीच, अजिबात घाई नाही. पिवळा… हिरवा!"

इंजिनाच्या आवाजाने व्हॅनचा पत्रा थरथरला. वेर्नर त्या आवाजाच्या वर ओरडत होता. "पुढे आहे! अजून पुढे आहे! हेल्मुट, तुझी पोरगी जिंकली!" आंकेने हेल्मेटवर कपाळ टेकलं होतं.

रेकॉर्डिंग संपलं. व्हॅनमध्ये शांतता झाली. म्हणजे तशी शांतता नव्हतीच. टपावर पाऊस वाजत होता, आणि त्याला काय करावं ते आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं.

 फोनवर हेल्मुटनी घसा साफ केला.

"कॉमेंट्री चांगली करतोस रे," ते म्हणाले. "आता आंकेला सांग, आधी डोकं पुसून घे म्हणावं. सर्दी होईल."