खड्डा न बुजवणारा माणूस

अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाच्या घरी आमच्याकडे गवत कापायला येणारा मेक्सिकन प्रत्येक शब्द दोनदा बोलायचा आणि फावडं टोपीनं पुसायचा. माझी बायको गेल्यावर मुलानं त्याला तिचं गुलाबाचं झाड उपटायला लावलं. खड्ड्याकडे बोट करून तो म्हणाला, "वेको, वेको." खड्डा, एवढं कळलं. मग त्यानं तिच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला, नंतर माझ्या छातीवर. "वेको, सिन्योर, वेको." तेही कळलं. पोटच्या पोरानं तिचा विषयसुद्धा काढला नव्हता.

मुलानं सांगूनही त्यानं खड्डा बुजवला नाही. माझ्याकडे बोट करून मोडक्या इंग्रजीत त्याला म्हणायचा, "ही से, आय डू. ही से, आय डू." मी सांगितलं तरच. मी सांगणार नव्हतो.

"बाबा, तो ऐकतच नाही. कॅन्सल केलं त्याला."

नव्या माणसानं दहा मिनिटांत खड्डा बुजवला. मला विचारलंसुद्धा नाही.