गाठोडेकाका आणि ऑक्टोबरची फाइल

आमच्या ऑफिसात गाठोडेकाकांची टिंगल करणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको, की हिने स्वतःला अलगद बाजूला ठेवलं.

आमचं ऑफिस लिफ्ट तपासणीचं. तपासनीस इमारती पालथ्या घालतात, प्रत्येक लिफ्टची एक फाइल करतात आणि महिन्याच्या सगळ्या फाइली दाबून एकच झिप फाइल आमच्याकडे पाठवतात. काका तिला झिप म्हणत नसत, गाठोडं म्हणत. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. वय अठ्ठावन्न, चष्मा दोरीने गळ्यात, आणि घाई हा शब्द माहीतच नाही. गाठोडं आलं की ते आधी सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये बाहेर काढणार, फाइली मोजणार, प्रत्येकीची शेवटच्या बदलाची तारीख मोठ्याने वाचणार. दुरुस्ती करायची ती त्या बाहेर काढलेल्या फाइलीत. मग नवं गाठोडं बांधून हेडऑफिसला. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास! माझं तर डोकंच फिरायचं.

“काका, आतल्या आत उघडते की फाइल. तिथेच बदलायची, झालं.”

“उघडते गं. पण तुला दिसते ती नुसती तात्पुरती प्रत. तू तिच्यात लिहितेस, आणि गाठोड्यातली राहते जशीच्या तशी. कधी कधी कॉम्प्युटर विचारतो, बदल आत घेऊ का म्हणून. पण गाठोड्याची खिडकी तू आधीच बंद केली असलीस, तर विचारणार कोण?”

“अय्या, एवढं कुठे होतंय!”

“होतं तेव्हा कळत नाही, हीच तर रड आहे,” ते म्हणायचे, आणि फडक्याने चष्मा पुसायचे.

दुसरी खोड म्हणजे जिना. ऑफिस चौथ्या मजल्यावर, गुडघे कुरकुरणारे, तरी वीस वर्षांत त्यांनी लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता. “मी अहवाल वाचतो ना, म्हणून जिना चढतो,” असं म्हणाले की आम्ही खो खो हसायचो. आता तो जिना मीही रोज चढते. शहाऐंशी पायऱ्या आहेत.

बारा ऑक्टोबरला काका गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. तपासनीसाचा फोन मी घेतला. “अगं, तुमच्याच इमारतीच्या लिफ्टचा शेरा चुकलाय माझा. ‘ठीक’ पडलंय. ब्रेक घसरतोय तिचा. ‘बंद करा’ लिही आणि आजच पाठव. मी उद्यापासून मुलीच्या लग्नाच्या रजेवर.” मी तिथल्या तिथे गाठोड्यातली फाइल उघडली, ‘ठीक’ खोडून ‘बंद करा’ लिहिलं, सेव्ह केलं. समोर स्क्रीनवर दिसत होतं की! खिडक्या कुठल्या आधी बंद केल्या, कुठल्या नंतर, देव जाणे. गाठोडं पाठवलं आणि डबा खायला बसले.

काका आले, त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “बाहेर काढून बदललंस ना?”

“हो काका,” मी म्हणाले. वैतागून म्हणाले. एवढ्याशा गोष्टीवरून प्रवचन ऐकायची माझी तयारी नव्हती.

काका साहेबांकडे गेले, तोवर लिफ्टवर साधी पाटी तरी लावू म्हणून. साहेब म्हणाले, हेडऑफिसचा आदेश आल्याशिवाय पाटी नाही. आमच्याकडे पाटीलाही आदेश लागतो! “येईल दोन-चार दिवसांत कुलूप,” काका म्हणाले. “कागद गेलाय.”

कुलूप आलं नाही. आठवडा गेला. लिफ्ट वर-खाली करत होती, फक्त थांबताना एक कर्र असा आवाज यायचा, लांबलेला. एकदा वाटलं, ते गाठोडं उघडून बघावं. नाही बघितलं. काही निघालं असतं तर सांगावं लागलं असतं, खरं कारण एवढंच.

बावीस तारखेला काकांचा गुडघा टम्म सुजला होता. संध्याकाळी निघताना ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, मग लिफ्टकडे वळले. “काका, आज सूर्य पश्चिमेला उगवला?” कोणीतरी ओरडलं.

“अरे, बंदचा शेरा जाऊन दहा दिवस झाले,” काका हसत म्हणाले. “तरी चालू आहे म्हणजे ब्रेक बदलला असणार. नाहीतर कुलूप नसतं का लागलं?”

कागदावर त्यांचा असा विश्वास होता. मी तीन पावलांवर उभी होते. दार लागलं, कर्र झालं, आणि मग तो आवाज थांबलाच नाही. तळाशी आदळल्याचा हादरा आमच्या टेबलांपर्यंत आला.

जीव वाचला. डावा पाय दोन ठिकाणी मोडला, उजवा हात प्लास्टरमध्ये. हेडऑफिसने कळवलं, त्यांच्याकडे पोचलेल्या फाइलीत ‘ठीक’ असंच आहे. गाठोड्यांची जबाबदारी काकांची, म्हणून चौकशी त्यांच्यावर.

त्यांनी मला घरी बोलावलं, वर्षभराची सगळी गाठोडी पेन ड्राइव्हवर घेऊन. “हात चालत नाही, माउस तू धर. माझंच कुठेतरी चुकलंय, शोधू.”

“ऑक्टोबरचंच बघायचं का?” मी विचारलं.

“छे. मधूनच सुरू करणारा मधेच चुकतो. जानेवारी घे.”

एकेक महिना मी बाहेर काढत गेले, काका तारखा वाचत गेले. काकूंनी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. ऑक्टोबर आला. एक्केचाळीस फाइली. “नऊ तारीख... नऊ... नऊ...” आमच्या इमारतीच्या ओळीवर ते थांबले. तिथेही नऊच होती.

“फोन बाराला आला होता,” काका हळू म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

आतून काकूंनी विचारलं, “सापडली का हो चूक?”

“सापडली.”

“कोणाची?”

मी तोंड उघडलं, आईशप्पथ उघडलं. पण काका आधी बोलले. “माझी. मी नुसतं विचारलं आणि थांबलो. उघडून बघायला हवं होतं.”

मग चहाचा कप डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. म्हणाले, “चौकशीसाठी हे असंच लिहून द्यायचंय, माझ्याच सहीने. हात बरा नाही, तेव्हा टाइप करायला तूच ये.”

उद्या सकाळी अकराला जायचंय.